डॉक्टर विचार करत आहेत

नांदुऱ्यात काही लोक मला अजूनही ‘नेटवाल्या मॅडम’ म्हणतात. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी भाजीबाजारात कुणीतरी थांबवतं आणि बंद पडलेला मोबाइल पुढे करतं. टीव्हीवर मुंग्या आल्या, मिक्सर फिरेनासा झाला, तरी मलाच विचारतात. एका बाईंनी तर शिलाई मशीन आणून दाखवलं होतं. ते मी घरी ठेवून घेतलं, नवऱ्याकडून त्यात तेल घालून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गंभीर चेहऱ्याने परत केलं. आपल्या विद्येबद्दल लोकांचा चांगला गैरसमज असेल तर तो घाईने दूर करू नये, असं माझं मत आहे.

खरं काम सांगायला दोन वाक्यं पुरतात, पण त्या दोन वाक्यांनी कुणाचं समाधान होत नाही. एका धर्मादाय रुग्णालयाच्या मागच्या खोलीत सर्व्हर होता, तो मी सांभाळायचे. सर्व्हर म्हणजे बाकीचे संगणक ज्याच्यामार्फत एकमेकांशी बोलतात तो मधला संगणक. आमच्या रुग्णालयाची खेड्यांत केंद्रं होती. सोनाळ्याला एक, मोताळ्याला एक, इतरही होती. प्रत्येक केंद्रात एक सिस्टर किंवा कंपाउंडर, एक औषधांचं कपाट, एक खाट आणि टेबलावर कॅमेऱ्याचा संगणक. डॉक्टर नांदुऱ्यात बसायचे. पेशंट तिकडच्या पडद्यासमोर बसून इकडच्या डॉक्टरांना जीभ दाखवायचा.

ही सोय कशी आली तेही सांगते. ती बीटी कापसाची वर्षं होती. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांचे हाल वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले की दूरच्या शहरांतून पाहुण्यांच्या गाड्या यायच्या. पाहुणे मनापासून मदत करायला यायचे, फक्त ती मदत फोटोत दिसावी एवढीच त्यांची अपेक्षा असे. खेड्यात राहायला तयार असलेला डॉक्टर फोटोत काही विशेष दिसत नाही. पडदा दिसतो. म्हणून आम्हाला पडदे मिळाले. प्रत्येक पडद्याचं स्वतंत्र उद्घाटन झालं, आणि प्रत्येक उद्घाटनाला मला कुंकू लावून मागच्या रांगेत बसवण्यात आलं. कारण मी तिथे नसले तर पडदा लागत नसे, आणि पुढच्या रांगेत असले तर पाहुण्यांना जागा पुरत नसे.

माझ्या धंद्यातली एकच गोष्ट वाचकांनी समजून घेतली तरी पुरे. दोन संगणक जोडलेले आहेत असं आपण म्हणतो तेव्हा त्यांच्यामध्ये काही दोरी बांधलेली नसते. आपलं बोलणं चालू आहे असं दोघांनी आपापल्या घरी बसून मनात धरलेलं असतं, इतकंच. बोलणं संपलं की एकाने ‘येतो’ म्हणायचं, दुसऱ्याने ‘या’ म्हणायचं आणि दोघांनीही तो विषय मनातून काढायचा. पण एकाकडची लाइट गेली तर तो ‘येतो’ म्हणायलाही शिल्लक राहत नाही. दुसरा आपला पाहुणा बैठकीत बसला आहे असं समजून त्याची खुर्ची राखून ठेवतो. मधल्या वाटेत काही बिघडलं तर आणखी मजा. तेव्हा दोघंही जिवंत असतात, दोघंही वाट पाहत असतात, आणि दोघांनाही वाटतं की पलीकडचाच जरा गप्प आहे. गप्प असलेला माणूस विचार करतोय, झोपलाय की उठून गेलाय, हे लांबून ओळखता येत नाही. माझ्या पडद्यावर प्रत्येक केंद्राच्या नावापुढे एक ठिपका असायचा. जोडणी असली की हिरवा. नोकरीत मी काही शिकले असेन तर एवढंच, की हिरव्या ठिपक्यावर विश्वास ठेवू नये.

मोताळ्याचं केंद्र वामनराव नावाचे कंपाउंडर बघायचे. सज्जन माणूस, आवाज चढवून कधी बोलले नाहीत. भारनियमनाची वेळ झाली की त्यांचा पंखा थांबायचा, पडदा विझायचा, आणि वामनराव कुलूप घालून घरी जेवायला जायचे. इकडे सर्व्हरच्या हिशेबाने मोताळा बसलेलंच असायचं. गप्प बसलेल्या पाहुण्याची विचारपूस दोन तासांनी करावी, असं सर्व्हर बनवणाऱ्याने आधीपासून ठरवून ठेवलं होतं. तो बहुधा अशा देशात राहत असावा जिथे दोन तासांत कुणाचं काही बिघडत नाही. त्यामुळे दिवसातून जितक्या वेळा मोताळ्याची लाइट जाई, तितक्या वेळा मोताळ्याच्या नावावर फुकटचे तास जमा होत.

वर्षाअखेरीस विश्वस्तांनी ठरवलं की सर्वांत जास्त वेळ जोडलेल्या केंद्राचा सत्कार करायचा. कोणत्या केंद्राचा झाला हे सांगायला नकोच. शाल, श्रीफळ, मोठा हार. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की मोताळ्याचा हा कर्मयोगी दुपारच्या जेवणालासुद्धा उठत नाही. वामनराव हार गळ्यात घेऊन माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, म्या असं काय केलं?”

“काहीच नाही, वामनराव.”

“हाव. तेच तं म्हनतो.”

मी दुसऱ्या दिवशी विश्वस्तांना जाऊन सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मॅडम, शाल देऊन झाली. आता ती परत मागायला तुम्ही जाता का?” मी गेले नाही.

पण सर्व्हरची ती सवय मात्र मी मोडली. दोन तास थांबायचं नाही, थोड्या थोड्या वेळाने हाक मारायची. सर्व्हरने विचारायचं, ‘आहे का?’ पलीकडच्या यंत्राने म्हणायचं, ‘हाव.’ काही हाकांना उत्तर आलं नाही की खुर्ची मोकळी करायची. आमच्याकडे गोष्ट सांगणारा माणूस ऐकणाऱ्यांकडून हुंकारा मागतो. हुंकारा थांबला की गोष्टही थांबते. तसंच हे. नव्या सवयीनंतर मोताळ्याचे तास एकदम घटले, आणि विश्वस्तांनी वामनरावांना विचारलं की सत्कारानंतर माणूस सुस्तावतो की काय.

हुंकाऱ्याची ही युक्ती पुरेशी नाही, हे माझ्या घरात मला रोज दिसत होतं. माझे यजमान शाळामास्तर. ते वर्तमानपत्र वाचत असताना मी काहीही सांगितलं तरी ‘हं’ येतं. तोंड ‘हं’ म्हणतं, माणूस दुसऱ्याच पानावर असतो. तरीही सर्व्हरच्या बाबतीत ही शंका माझ्या मनात आली नाही. ती एका कॅलेंडरने आणली.

आमचे मोठे डॉक्टर होते डॉ. पाठक. निदान पक्कं, स्वभाव तिखट. त्यांची एक खासियत सगळ्या केंद्रांना ठाऊक होती. लक्षणं ऐकून झाली की ते हनुवटी हातावर टेकवायचे, नजर एका जागी लावायचे आणि गप्प व्हायचे. अशा वेळी कुणी मध्ये बोललं की ते म्हणायचे, “मी विचार करतोय. तुम्हाला घाई असेल तर तुम्ही करा.” एकदा हे ऐकलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नसे. डॉक्टर गप्प झाले की पेशंट, पेशंटचे नातेवाईक, सिस्टर, सगळे श्वास धरून बसत. आमच्याकडे डॉक्टरांच्या विचारात बोलणं हे देवाच्या आरतीत खोकण्यासारखं समजलं जाई.

त्या दिवशी सोनाळ्याच्या केंद्रावर रेखा सिस्टर होत्या. कापूस छातीएवढा वाढला होता, पावसाने उघडीप दिली होती आणि गावोगाव फवारणी चालू होती. बीटी आलं तेव्हा फवारणी संपली असं लोक बोलत होते. बोंडअळीपुरती ती काही काळ कमी झालीही. पण तुडतुड्यांनी आणि पांढऱ्या माशीने ते बोलणं ऐकलं नव्हतं, आणि पुढे पुढे बोंडअळीनेही ऐकणं सोडलं. मग लोक एका पंपात दोन-दोन, तीन-तीन औषधं मिसळायला लागले. दाट पिकात, कुंद हवेत, तोंडाला रुमाल बांधून मजूर दिवसभर ते उडवत राहायचे. वारा फिरला की ते त्यांच्याच अंगावर यायचं.

शेख रहीम असाच रोजाने फवारणी करणारा. त्याचा मोठा भाऊ करीम फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. रहीम शेतात कोसळला तेव्हा करीमभाईंनी त्याला मोटरसायकलवर मागे बसवला, गमछ्याने स्वतःच्या पाठीशी घट्ट बांधला आणि केंद्रावर आणला. तोंडातून फेस, अंग घामाने भिजलेलं, छातीत घरघर. रेखा सिस्टरांनी पडद्यावर डॉक्टरांना हाक मारली. डॉ. पाठकांनी फवारणीचं विष बघताक्षणी ओळखलं. “कपडे काढा सगळे. साबणाने धुवा. एका कुशीवर ठेवा. ॲट्रोपीन काढा, पहिलं द्या, मग पुढचं मी सांगतो. इकडून गाडी पाठवतोय.” रुग्णालयाची गाडी लगेच निघाली, पण नांदुऱ्याहून सोनाळा काही हाकेच्या अंतरावर नाही.

पुढे त्या खोलीत काय झालं ते मला रेखा सिस्टरांनी आणि करीमभाईंनी नंतर सांगितलं. सिस्टरांनी खाली वाकून पहिलं इंजेक्शन दिलं, मान वर केली आणि म्हणाल्या, “सर, देल्लं. आता पुढं?”

डॉक्टर हनुवटीवर हात ठेवून बसले होते.

सिस्टरांनी नाडी धरली. घरघर कमी झाली नव्हती. विषावरचं हे औषध एकदा देऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, हे त्यांना माहीत होतं. पण किती आणि केव्हा, हे सांगण्याचा अधिकार त्यांचा नव्हता. जास्त झालं तर तेही जिवावर बेतणारं. त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

“काय म्हन्तेत साहेब?” करीमभाईंनी विचारलं.

“इचार करून राह्यले.”

“करू द्या मंग.”

करीमभाईंना भावाच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. डॉक्टरांच्या तोंडाकडे टक लावून पाहणं बरं दिसत नव्हतं. म्हणून ते डॉक्टरांच्या मागच्या भिंतीकडे बघत बसले. त्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. डॉक्टरांच्या टेबलावरचा पंखा इकडून तिकडे मान फिरवायचा आणि त्याचा वारा लागला की कॅलेंडरचं पान फडफडत वर यायचं, वारा सरला की खाली बसायचं.

“सिस्टर,” करीमभाई म्हणाले, “ते कॅलेंडर खाली काऊन नाई येऊन राह्यलं?”

“कोनतं कॅलेंडर?”

“साहेबाच्या मांगचं. हवेनं वर गेलं ते वरच हाय.”

सिस्टरांनी पाहिलं. पान हवेत आडवं थिजलं होतं. त्याच्या खाली डॉ. पाठक हनुवटीवर हात ठेवून बसले होते, आणि त्यांची पापणीसुद्धा लवत नव्हती.

केंद्रातल्या खोलीत मोबाइलला रेंज नसायची. गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ यायची. सिस्टरांना पेशंट सोडून जाता येत नव्हतं. त्यांनी आपला मोबाइल करीमभाईंच्या हातात दिला. “गच्चीवर जा, टाकीपाशी. नेटवाल्या मॅडमले लावा. म्हना, डॉक्टरसाहेब अडकले.”

मी सर्व्हरच्या खोलीत चहा पीत होते. पडद्यावर सगळे ठिपके हिरवे होते. सोनाळ्याचाही. फोन वाजला.

“नेटवाल्या मॅडम का? मी करीम, सोनाळ्याहून. डॉक्टरसाहेब अडकले.”

“कुठे अडकले? ते तर शेजारच्या खोलीत आहेत.”

“तिथी असतीन. अठी अडकले. माहा भाऊ जाऊन राह्यला मॅडम, आन ते कॅलेंडर काही खाली येत नाई.”

कॅलेंडरचं मला काही कळलं नाही. अडकले म्हणजे काय ते मात्र कळलं. मी शेजारच्या खोलीचं दार ढकललं. डॉ. पाठकांनी माझ्याकडे न पाहता बोट वर केलं.

“श्श. सिस्टर इंजेक्शन देतायत.”

त्यांच्या पडद्यावर रेखा सिस्टर खाली वाकलेल्या होत्या. पाठीवर वेणी, हातात सिरिंज. डॉक्टर त्यांच्या कामात व्यत्यय नको म्हणून थांबले होते.

“सर, केव्हापासून देतायत?”

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा एकदम उतरला. इकडे ते सिस्टरांसाठी थांबले होते, तिकडे सिस्टर त्यांच्यासाठी. दोन समजूतदार माणसं एकमेकांचा मान राखत होती, आणि मध्ये रहीमची छाती पाण्याने भरत चालली होती. डॉक्टरांनी एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या हातातला मोबाइल घेतला आणि कानाला लावला. मी आवाज मोठा करून दिला.

“कोण बोलतंय? सिस्टरला विचारा, डोळ्यांच्या बाहुल्या केवढ्या आहेत?”

करीमभाई गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकून ओरडले. खिडकीतून सिस्टरांचं उत्तर आलं. करीमभाईंनी ते फोनमध्ये सांगितलं, “टाचनीच्या टोकाएवढ्या म्हन्तेत.”

“घरघर?”

“तशीच हाय. मले इथून ऐकू येऊन राह्यली.”

“आधी दिलं त्याच्या दुप्पट द्या म्हणावं. लगेच.”

“आधी देल्लं त्याच्या दुप्पट,” करीमभाई खाली ओरडले. मग फोनमध्ये म्हणाले, “आधी देल्लं त्याच्या दुप्पट. लगेच. असंच म्हनले ना साहेब?”

“हो, हो. मी एकदा सांगितलं ना.”

“तुमी एकदा सांगा नं साहेब, मी दोनदा इचारीन. भाऊ एकच हाय.”

डॉ. पाठक गप्प झाले. या वेळी विचार करण्यासाठी नव्हे. पुढच्या प्रत्येक वाक्यानंतर ते स्वतःच थांबायचे आणि करीमभाईंनी ते परत म्हणून दाखवल्यावरच पुढचं बोलायचे. सोनाळा मोठं गाव आहे. गच्चीवरून ओरडून सांगितलेली औषधाची मात्रा त्या दिवशी अर्ध्या गावाला कळली असेल.

मी धावत सर्व्हरकडे आले. तिकडे सिस्टरांनी एका हाताने संगणक बंद करून पुन्हा चालू केला होता आणि नव्याने जोडणी मागितली होती. सर्व्हरने त्यांना नकार दिला. सोनाळा आधीच जोडलेलं आहे, असं त्याचं म्हणणं. खऱ्या सिस्टर दाराबाहेर उभ्या आणि आत खुर्चीवर त्यांचं भूत. ते भूत माझ्या हाकेला इमानाने ‘हाव’ म्हणत होतं, म्हणूनच ठिपका हिरवा होता. हे कसं, ते शोधत बसायला तेव्हा वेळ नव्हता. मी हाताने ती खुर्ची मोकळी केली. ठिपका लाल झाला, आणि जरा वेळाने पुन्हा हिरवा.

शेजारच्या खोलीत रेखा सिस्टरांचा चेहरा पडद्यावर आला. घामाने डबडबलेला, पण हलणारा. डॉक्टर आता त्यांच्याशी थेट बोलू लागले. मोबाइल मात्र त्यांनी कानापासून काढला नाही, आणि खाली उतरा असं करीमभाईंना कुणी सांगितलं नाही, त्यामुळे ते वरून प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत राहिले. पुन्हा दुप्पट. छाती ऐका. अजून घरघर? पुन्हा. गाडी पोचली तेव्हा घरघर उणावली होती, संपली नव्हती. रहीमला गाडीत घातलं, सोबत सिस्टर, औषधं आणि करीमभाई. गाडी निघाली आणि गावाबाहेर पडताच मोबाइल बंद झाला. त्या रस्त्याला तेव्हा बराच वेळ रेंज नसायची.

ती गाडी वाटेत असताना माझ्याजवळ करण्यासारखं काही नव्हतं. सर्व्हरला रस्ता दिसत नाही. तेव्हा गाडी येईपर्यंत, पुढच्या काही महिन्यांत मी काय केलं ते सांगून घेते.

भुताचं गूढ उकललं ते असं. सोनाळ्याची लाइन टॉवरवरून यायची. लाइन जलद वाटावी म्हणून ती देणाऱ्यांनी मध्ये एक यंत्र बसवलं होतं. ते पलीकडच्या वतीने परस्पर उत्तर द्यायचं. मी विचारायचे ‘सोनाळा आहे का?’ आणि टॉवरवरचं यंत्र सोनाळ्याला न विचारताच म्हणायचं ‘हाव.’ कापूस बाजारातला अडत्या जसा शेतकरी चहाला गेलेला असताना त्याच्या वतीने भाव मान्य करून टाकतो, तसं. त्या दिवशी टॉवरच्या पलीकडची वाट काही वेळ बंद पडली होती, पण अडत्या जागेवर होता, आणि वाट पुन्हा सुरू झाल्यावरही तोच सोनाळ्याची खुर्ची अडवून बसला होता.

म्हणून मी नुसता ‘हाव’ स्वीकारणं सोडलं. सर्व्हर आता प्रत्येक हाकेसोबत एक नवा आकडा पाठवायचा. सिस्टरांच्या संगणकावर चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला तोच आकडा परत म्हणून दाखवावा लागायचा. मधल्या कुणाला तो आकडा ठाऊक नसल्याने परस्पर होकार देता येत नसे. ही युक्ती मी कुठल्याही पुस्तकातून घेतली नाही, गच्चीवरून घेतली. पुस्तकातही ती होती, हे मला नंतर कळलं.

दुसरी गोष्ट. एका केंद्राच्या नावाने नवा माणूस दारात आला तर आतल्या जुन्याला उठवायचं. जो आता हाक मारतोय तो खरा.

तिसऱ्या गोष्टीवरून वाद झाला. आकडा परत आला नाही तर शेवटचं चित्र पडद्यावर ठेवायचंच नाही. पडदा काळा करायचा आणि मोठ्या अक्षरांत लिहायचं, ‘संपर्क तुटला आहे. फोन करा.’ विश्वस्त म्हणाले, पाहुण्यांसमोर काळा पडदा बरा दिसत नाही, निदान रुग्णालयाचं बोधचिन्ह दाखवा. मी म्हटलं, दाखवू, पण आधी डॉ. पाठकांना विचारा. त्यांनी काय उत्तर दिलं मला माहीत नाही, पण पडदा काळाच राहिला.

आणखीही गोंधळ झाले. हाकांमधलं अंतर मी सुरुवातीला फार कमी ठेवलं. दुपारी लाइन सुस्तावली की जिवंत माणसं पटापट बाहेर फेकली जाऊ लागली. एक म्हातारे गृहस्थ जीभ बाहेर काढून बसले होते आणि पडदा काळा झाला. त्यांना वाटलं, जीभ पाहूनच डॉक्टर उठून गेले. मग अंतर थोडं वाढवलं. फार घाईने मेला म्हणू नये आणि फार उशिराही नाही. एवढ्यातच माझं सगळं शास्त्र आलं.

सर्वांत मोठी दुरुस्ती मात्र मी केली नाही. डॉ. पाठक त्या दिवसानंतर विचार करताना मध्ये मध्ये मोठ्याने बोलायला लागले. हनुवटीवर हात, नजर एका जागी, आणि तोंडाने “करतोय, करतोय.” पडद्यावरच नव्हे, समोरासमोरच्या पेशंटपुढेही. नवख्या माणसाला ते चमत्कारिक वाटे. जुने लोक त्याला सांगत, घाबरू नको, साहेब आहेत.

पुढे पाहुण्यांच्या गाड्या दुसऱ्या जिल्ह्यांकडे वळल्या आणि एकेक पडदा बंद झाला. रेखा सिस्टर शेवटपर्यंत म्हणत होत्या की पडदा चांगला, पण खुर्चीवर बसलेला डॉक्टर त्याहून चांगला. मला त्यात वाद घालण्यासारखं काही दिसलं नाही. वाईट याचं वाटतं की ते बोलणं ऐकायला तेव्हा पुढच्या रांगेत कुणी नव्हतं.

तर ती गाडी.

मी रुग्णालयाच्या फाटकाशी थांबले होते, आणि डॉ. पाठक त्या दुपारी दोनदा तिथपर्यंत येऊन गेले. एरवी ते खोलीच्या दारापर्यंतही येत नसत. तिसऱ्या वेळी आले तेव्हा परत गेले नाहीत, माझ्याशेजारी उन्हातच उभे राहिले. रेल्वे फाटक लागलं असेल, असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, “असेल.”

गाडी आली. दार उघडलं. आधी रेखा सिस्टर उतरल्या आणि डॉक्टरांना काही सांगायला लागल्या, पण त्यांच्या मागून आत कुणीतरी कुरकुरत होतं. रहीम स्ट्रेचरवर पडून, लाल झालेल्या चेहऱ्याने, एकच गोष्ट मागत होता. “भाई, पानी. हलक सूख गया, भाई.”

डॉक्टर आत चढले. छातीला नळी लावून ऐकलं. रहीमचं तोंड उघडून जिभेवर बोट फिरवलं. ते बोट त्यांनी उजेडात धरून पाहिलं आणि हसायला लागले. इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या खोलीत काम केलं, त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

“साहेब,” करीमभाई दुखावून म्हणाले, “तो पानी मांगून राह्यला आन तुमी हासता?”

“करीमभाई, या औषधाने तोंड कोरडं पडतं. तोंड कोरडं पडलं, छाती मोकळी झाली, म्हणजे औषध लागू पडलं. अजून आठवडाभर इथे ठेवू. पण वाचला हा.”

करीमभाई गाडीच्या पायरीवर बसले. मग खिशातून मोबाइल काढला. तो सिस्टरांचाच होता, अजून परत करायचा राहिला होता. सोनाळ्याला शेजाऱ्यांच्या नंबरवर फोन लावून त्यांनी रहीमच्या बायकोला बोलवायला सांगितलं. ती फोनवर आली तसे उठून त्यांनी आत जाऊन फोन भावाच्या तोंडाशी धरला आणि म्हणाले, “ले, बोल.”

रहीमने तिच्याकडेही पाणीच मागितलं.

पलीकडून काय आलं ते आम्हाला कळलं नाही. करीमभाईंनी फोन आपल्या कानाला लावून ऐकलं, मान हलवली आणि डॉक्टरांकडे वळले.

“त्याची बायको म्हन्ते, डॉक्टरसाहेबाले इचारल्याबिगर एक घोटही देऊ नका.”